चार बोटं वर

नट सुटत नव्हता. गंजून त्याचे कोपरे झिजले होते, पान्याला धरायला जागाच उरली नव्हती, आणि तरी स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली, यू-बोल्टच्या टोकाला तो असा चिकटून बसला होता की जणू गाडी तोच सांभाळतोय — इंजिन, हौदा, दुधाचे कॅन, गाडी चालवणारी गायत्री, सगळं त्याच्या एकट्याच्या जिवावर. मुजीबनं त्यावर डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पाना लावून वर पाय दिला. पाना घसरला आणि त्याच्या बोटाचं साल निघालं. बोलला तो गौरीशंकर.

"उलटं फिरवायलास का काय? नीट बघून लाव की पाना."

गौरीशंकर, गायत्रीचा नवरा, गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. लकवा मारून गेल्यापासून तो हात असाच कुठंतरी ठेवून दिलेला असतो, पायही ओढतच येतो मागून. जीभ तेवढी शाबूत राहिली. देवाची कृपा, असं तेव्हा दवाखान्यात जो तो म्हणाला होता. गायत्रीही म्हणाली होती.

"मालक, गंजलाय ओ लई," मुजीब गाडीखालूनच म्हणाला. "गॅसनं कापावा लागतंय. कापू का?"

मालक. कापू का, हे त्यानं मालकाला विचारलं. गाडी सकाळी चालवत आणली गायत्रीनं, गाडी उंच करायची हे ठरवलं गायत्रीनं, पुढं पाटे टांगायचे शॅकल लांब घालायचे, मागं ठोकळे द्यायचे, सगळीकडं एकेक पाटा वाढवायचा, हे सगळं बोलणं झालं गायत्रीशी, फोनवर, दोनदा. पण खुर्चीवर पुरुष बसलेला असला की कुणीही खुर्चीलाच विचारणार. डेअरीवरही तेच. फॅट कमी लागली की मोजणारा तिच्या खांद्यावरून पलीकडं, गाडीत बसलेल्या गौरीशंकरकडं बघून ओरडतो... आणि हेही इतके खूश होतात विचारलं की! मान हलवतात, विचार केल्यासारखं करतात. आत्ताही तसंच. मान हलली. विचार झाला. "काप," असा हुकूम सुटला.

गॅसची निळी ज्योत पेटली. गायत्रीनं तोंड फिरवलं. समोर हायवेवरून हैदराबादच्या बाजूला ट्रक चालले होते, एकामागं एक, आणि प्रत्येक ट्रकगणिक गॅरेजचा पत्रा थरथरत होता. नळदुर्गात याच एका कामासाठी आख्खा दिवस जाणार, हे तिला दुपारीच कळून चुकलं होतं. संध्याकाळचं दूध आज भावजय मोटारसायकलवर पोरांकरवी गोळा करील, निम्मं सांडील. सांडू दे.

सांडण्यावरूनच तर हे निघालं. वस्तीकडच्या ओढ्यात मधोमध एक खडक आहे, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. जुनी गाडी, पाटे बसलेले, पोट खाली आलेलं. पंधरवड्यापूर्वी त्या खडकावर खाडकन आवाज झाला, चेंबर फुटलं आणि इंजिनाचं सगळं ऑईल पाण्यावर इंद्रधनुष्यासारखं पसरलं. भरलेले कॅन हौद्यात, ऊन वर चढतंय, दूध नासतंय, आणि शेजारी बसून गौरीशंकर म्हणत होता — डावीकडून घ्यायचं होतंस. म्या असतो तर डावीकडून घेतली असती.

म्या असतो तर! आहात की. रोज आहात. पहाटे मी चावी घेतली की काठीचा आवाज, दार उघडलं की काठी आधी आत. क्लचवर पाय ठेवू नको. गिअर टाक. टाक की गिअर. समोर म्हैस हाय. दिसतीय मला म्हैस, दोन डोळे आहेत मला... पण हे ती म्हणत नाही. वस्त्यांवरच्या बायका म्हणतात, किती बाई जोडीनं येता दोघं. पार्वतम्मा तर डोळ्यांना पदर लावते. गायत्री हसते, कॅनमध्ये दूध ओतून घेते आणि गाडीत चढते, जिथं तिची आणखी एक चूक तयार होऊन बसलेली असते.

त्यानंच शिकवलं, हे खरं. त्या आजारातून उठल्यावर, खळ्यावर, घाम पुसत पुसत, एक दिवसही न ओरडता. तेव्हा ओरडला नाही. तिला यायला लागल्यावर ओरडायला लागला.

नट पडला. नवे पाटे चढले. मध्यंतरी ब्रेकचा पाइप तोकडा पडतोय असं निघालं आणि मुजीब दुसरा आणायला गावात गेला तो गेलाच. आला तेव्हा पाइप भलत्याच गाडीचा. पुन्हा गेला. गौरीशंकरनं तेवढ्यात दोन चहा घेतले आणि तिला तीनदा सांगितलं की उंच केलेली गाडी वळणावर कलती, बेतानं घ्यावी लागती. पहिल्यांदा तिनं "हं" म्हटलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि उगीचच स्वच्छ हात पुन्हा धुतले.

ऊन उतरायला लागल्यावर मुजीबनं जॅक सोडला. गाडी चाकांवर आली, थोडी खाली बसली आणि थांबली. वरच थांबली. ओळखीच्या माणसानं एकाएकी ताठ उभं राहावं तशी दिसत होती ती. गायत्री वाकून खालून हात घालून आली. चेंबर आणि जमीन यांच्यात चार बोटं जास्त. तिला बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

"चला," ती म्हणाली.

गौरीशंकर काठी टेकत डावीकडच्या दाराशी गेला. त्याची चढायची एक रीत ठरलेली होती: डाव्या हातानं दांडी धरायची, क्षणभर सगळा भार त्या अधू पायावर सोसायचा, तेवढ्यात डावा पाय आत टाकायचा आणि अंग ओढून घ्यायचं. त्यानं दांडी धरली. डावा पाय उचलला. पाय पोचला नाही. टाच कडेला लागून खाली आली. त्यानं पुन्हा उचलला. उजवा गुडघा लटपटला, गाडी जराशी हलली, आणि तो दांडीला तसाच धरून उभा राहिला, पाठमोरा, जणू आत काहीतरी बघतोय.

मला हे माहीत नव्हतं. गायत्रीनं मनाशी पटकन म्हणून टाकलं. खडक मोजला, चेंबर मोजलं, यांचा पाय कोण मोजतं... आणि मग फोनवरचं ते बोलणं आठवलं, नको असताना आठवलं. मुजीब म्हणाला होता, भाभी, त्या दगडाला दोन बोटं भरपूर. आणि ती म्हणाली होती, अजून किती वाढतीय? तो हसला होता. चारच्या वर न्हाय ओ, उलटंल. मग चार कर, ती म्हणाली होती. मागं खाटेवर गौरीशंकर झोपला होता. ती दारात उभी राहून, हळू आवाजात बोलत होती. हळू का बोलत होते मी?

"भाभी," मुजीब म्हणाला. हातातला कपडा बोटाभोवती गुंडाळत होता. "पायदान मारून देऊ का दाराखाली? वेल्डिंग चालूच हाय. मालकांना चढाय येतंय मग."

दिवसभरात पहिल्यांदा त्यानं तिला विचारलं होतं.

हो म्हणायचं होतं फक्त. एवढासा शब्द. तो तोंडात आला नाही... डोळ्यांपुढं उद्याची पहाट आली, गार, रिकामी, शेजारची सीट मोकळी, ओढ्याचं पाणी आपणच बघायचं, आपणच ठरवायचं, चुकायचंही आपलं आपणच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक ट्रक गेला, पत्रा थरथरून थांबला. तिनं वर पाहिलं तर गौरीशंकरनं मान वळवली होती. तो तिच्याकडं बघत होता. नटाकडं नाही, पाट्यांकडं नाही.

"नको रे," तो मुजीबला म्हणाला. "मला काय रोज यायचं हाय आता? आज एसटीनं जातो."

"मार पायदान," गायत्री म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की मुजीब दचकला. "आत्ताच्या आत्ता मार."

पायदान झालं. तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला चढवलं, उजवा पाय उचलून आत ठेवला, दार लावलं. दोघांपैकी कुणीही कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

हायवेला लागल्यावर ती वाट बघत राहिली. गिअर तिनं उशिरा टाकला. इंजिन घोंघावलं, तरी काही नाही. एका टेम्पोला ओलांडताना जरा जास्तच जवळून गेली. काहीच नाही. गौरीशंकर खिडकीबाहेर बघत होता.

"बोला की," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर तर बोलत होता."

"येतंय तुला सगळं," तो म्हणाला. "कवाच येतंय."

"मग कशाला येता रोज? कशाला तो जिवाचा आटापिटा?"

त्यानं काठी गुडघ्यांमध्ये नीट धरली. मग म्हणाला, "आपल्या वस्तीवरचा बलभीम खाट धरल्यावर दिसायचा बंद झाला ना, तवा लोकं महिनाभरातच त्याचं नाव सोडून बोलाय लागली. माणूस जित्ता होता गं घरात." आणि मग, "म्या बोललो न्हाय तर गाडीत हाय, हे कुणाला कळणार?"

गायत्रीला राग यायला हवा होता. हे आता सांगायलेत, इतक्या दिवसांनी, मी पकडली गेल्यावर! तिनं तो राग शोधला. सकाळपासून हाताशी होता, दिवसभर त्याच्यावर टेकून उभी होती ती. आता तिथं चाचपलं तर हाताला काही लागेना. सीट उंच झाल्यामुळं रस्त्याच्या कडेच्या बाभळींवरून पलीकडची रानं दिसत होती, पार लांबपर्यंत, कधी न पाहिलेली. तिला ती बघवेनात. उद्या पहाटे त्याला हाक मारायची की हळूच चावी उचलायची... तिनं दोन्ही मनात करून पाहिलं. हाक मारणारीही तीच होती, चावी उचलणारीही तीच. तिनं वेग कमी केला. रस्ता मोकळा होता, तरीही.