गुरुवारचं वजन

इंदिराबाईंनी पिशवीचं तोंड सुतळीनं सैल बांधलं आणि काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं उचलावं तशी ती दोन्ही हातांनी तराजूच्या पारड्यात ठेवली. पिशवी हलली. आत कुणीतरी सावकाश कूस बदलत होतं. समोरच्या पारड्यात तसलीच रिकामी पिशवी टाकून बंडूजी वजनं मांडत होते. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं, आणि त्याखालून आत आलेल्या उन्हाच्या पट्टीत धन्याजिऱ्याची धूळ तरंगत होती. सेलूचा बाजाररस्ता जेवून आडवा झाला होता.

"किती?" इंदिराबाईंनी विचारलं. त्यांची नजर सुतळीच्या गाठीवर होती. दर वेळी तिथंच असायची.

बंडूजी क्षणभर थांबले.

"बाराशे नव्वद."

"मागच्या गुरुवारी ऐंशी होतं."

"मंग वाढलं ना. लिव."

इंदिराबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, आकडा लिहिला. आता सात दिवस निभावतील असं त्यांना वाटलं.

दिवाळीत पुतण्या सुमीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगलोरला निघाला, तेव्हा तो हे बिऱ्हाड त्यांच्याकडे सोपवून गेला होता. काचेची पेटी, नारिंगी बल्ब, आणि आत वेटोळं करून बसलेला काळा-पिवळा अजगर. बाहेर जीप घुरघुरत उभी होती. सुमीतनं घाईघाईत सांगितलं की हे बाळ पायथन आहे, विषारी नाही, चावत नाही, उबेत ठेवायचं. आणि वजन हजाराच्या खाली गेलं तर लगेच कळवायचं, म्हणजे पुण्याचा मित्र येऊन घेऊन जाईल.

बाळ. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्या घरात हा शब्द पाहुण्यांच्या तोंडून यायचा आणि पाहुण्यांबरोबरच निघून जायचा. या वेळी तो राहिला.

बंडूजी पहिल्या दिवशी म्हणाले होते, "ते जनावर दुकानात नाई आनायचं." आठवड्याभरात दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या खणात, नागपूरहून आलेल्या गोठलेल्या उंदरांचा डबा गेला. घरात कांदासुद्धा वार बघून चिरला जायचा. थंडगार बाटली मागणाऱ्या गिऱ्हाइकासमोर बंडूजी फ्रीजचं दार जेमतेम हात जाईल एवढंच उघडत.

शेजारच्या सुलोचनाबाई खिडकीतून पाहत.

"लोक कुत्रं पाळते, मांजर पाळते. तुमचं आपलं न्यारंच, इंदूबाई."

"लहान हाय वो ते अजून."

"मोठं झालं का तुम्हालेच गिळन."

"पयले उंदीर तं गिळू द्या."

हसून म्हटलं, पण बाळ उंदीर गिळतच नव्हतं. दिवाळीपासून नऊ आठवडे त्यानं कशाला तोंड लावलं नव्हतं. इंदिराबाई डोळे मिटून चिमट्यानं उंदीर पुढे धरत. एक डोळा किलकिला करून पाहावं, तर ते मान वळवून दुसरीकडेच बघत असे. लोडशेडिंगमध्ये बल्ब गेला की त्या गरम पाण्याच्या बाटल्या बंडूजींच्या जुन्या मफलरात गुंडाळून पेटीत ठेवत. दुपारी ते त्यांच्या मांडीवर येऊन पसरे, थंड आणि जड. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांकडे पाहता पाहता इंदिराबाईंची पापणी मिटायची. स्वप्नात ते हळूहळू लांब होत जाई, अंगणभर, मग पार बोरीच्या झाडापर्यंत, आणि त्या त्याला हाक मारत मागे मागे चालत. जाग आली की ते होतं तेवढंच असायचं. मग गुरुवारची वाट पाहायची. खात नसलं तरी वाढतंय, एवढाच आधार होता. आकडा खाली आला की पुण्याचा माणूस येणार होता.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी बंगलोरहून फोन आला.

"काकू, खातोय का?"

"नाई रे. पण वजन वाढून राह्यलं बाळाचं. बाराशे नव्वद भरलं."



"काही न खाता? मी दिलं तेव्हा बाराशे होता. काकू, काकांचा काटा तपासा." सुमीत हसला. "थंडीत नर दोन-तीन महिने खातच नाहीत. थोडं उतरतं वजन, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण वाढेल कसं?"

"वाढायचं वय हाय ना त्याचं."

"कोणाचं? नऊ वर्षांचा आहे तो. आता काय वाढणार?"

"तूच तं म्हनलं होतं, बाळ पायथन."

"बॉल, काकू. बॉल म्हणजे चेंडू. घाबरला की चेंडूसारखा गोल होतो म्हणून."

फोन ठेवून इंदिराबाई तिथंच बसून राहिल्या. चेंडू तर चेंडू. त्यांना टोचलं ते काट्याचं. त्यांचा नवरा दर वर्षी वर्ध्याला जाऊन वजनमापांवर शिक्का मारून आणायचा. एकदा पुडीत वीस ग्रॅम तीळ कमी गेले, म्हणून गिऱ्हाइकाच्या मागे बसस्टँडपर्यंत चालत गेला होता.

बुधवारी बंडूजी माल आणायला वर्ध्याला गेले. इंदिराबाईंनी शटर पूर्ण खाली ओढलं आणि रिकामी पारडी सोडून पाहिली. काटा मधोमध उभा राहिला. मग एकीकडे बाळाची पिशवी, दुसरीकडे रिकामी पिशवी ठेवली. किलो, शंभर, पन्नास, वीस, दहा. अकराशे ऐंशी.

त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

पिशवीची गाठ सोडली, तर बाळ सावकाश बाहेर आलं, तराजूच्या साखळीला वळसा घालून त्यांच्या मनगटावर चढलं आणि कोपराशी थांबलं. इंदिराबाई अंधाऱ्या दुकानात पोत्यावर बसून गेल्या वर्षीचं आणि यंदाचं कॅलेंडर चाळू लागल्या. बाराशे दहा, वीस, तीस. दर आठवड्याला दहा, एकदाही न चुकता. आकडा सांगण्याआधी बंडूजी दर वेळी थांबत, हे त्यांना आत्ता ऐकू आलं. म्हणजे नऊ आठवडे हा माणूस एकटाच समजून होता, की लेकरू झिजतंय.

गुरुवारी त्यांनी पिशवी बांधली, पारड्यात ठेवली, आणि बंडूजी वजनं मांडायला लागायच्या आत म्हणाल्या, "सुमीतचा फोन आलता."

"काय म्हने?"

"थंडीत हे खातच नाईत म्हने. थोडं उतरलं तरी काई बिघडत नाई. तब्येत चांगली हाय."

बंडूजींचा हात वजनांवर थांबला.

"उतरलं तरी?"

"हजाराच्या वर हाय तोवर कोनी नेत नाई त्याले."

बंडूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. जानेवारीतला घाम त्यांनी मानेपर्यंत पुसला. मग त्यांनी वजनं मांडली. या वेळी इंदिराबाईंनी गाठीकडे पाहिलं नाही. किलो, शंभर, पन्नास, वीस, दहा. काटा मधे आला.

बंडूजी थांबले.

"तेराशे," ते म्हणाले.

इंदिराबाईंनी पेन्सिल घेतली. कॅलेंडराच्या चौकोनात तेराशे लिहिलं, नीट, वळणदार.

"बाळसं धरलं म्हनायचं," त्या म्हणाल्या.

"धरनच ना," बंडूजी म्हणाले, आणि पारड्यातली वजनं भराभर गोळा करू लागले.