देवधानाच्या गाठी

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पूर्वेकडच्या कोपऱ्यात, गुडघाभर पाण्यात, देवधान उभं होतं. कुणी न पेरता आपसूक उगवणारा हा भात. ऋषीपंचमीला नांगराविना पिकलेलं अन्न म्हणून एकोडी गावच्या बायका आदल्या सालचा राखून ठेवलेला तोच भात खातात. मारोतरावांचा जीव मात्र त्या काड्यांवर बसणाऱ्या एका चतुरात गुंतला होता.

बोटभरही लांब नसेल तो. अंग काळपट; पण पंख असे, की हळदीच्या पाण्यात बुडवून वर कुणी काजळाची बोटं ओढावीत. मादीच्या पुढच्या पंखांची टोकं तेवढी काचेसारखी कोरी. बाकीचे चतुर बाणासारखे सुटतात, हा फडफडत, वाऱ्यावर हेलकावत जातो. म्हणून अख्खं गाव त्याला फुलपाखरू समजे. साकोलीच्या टपाल कचेरीतून निवृत्त होईपर्यंत मारोतरावही तेच समजत होते. मग एका सकाळी त्यांना देवधानाच्या काडीला चिकटलेली, पाठीवर फाटलेली एक रिकामी मातकट कात दिसली, आणि तिच्याशेजारी ओले पंख वाळवत बसलेला तो. फुलपाखरू पाण्यातून कशाला वर येईल? त्यांनी पुस्तकं धुंडाळली, खात्री करून घेतली, आणि तरी पुढे महिनाभर स्वतःवर शंका घेत राहिले.

अशात गणपती मंडळाच्या भुपेंद्रने बैठक बोलावली. विसर्जनाआधी, शनिवारी, बोडीचा सगळा काठ कापून साफ करायचा ठरलं. मारोतराव शेवटच्या सतरंजीवर बसले होते. काड्या गेल्या तर पाण्यातल्या पिल्लांना वर चढायला आधार राहणार नाही, एवढं एकच वाक्य त्यांनी घरून जुळवून आणलं होतं. तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा भुपेंद्रनेच विचारलं, "काका, काही म्हनता का जी?"

"नाही, पाणी पाहिजे होतं."

घरी येऊन त्यांनी ते वाक्य बायकोला, शकुनबाईंना ऐकवलं.

"मले सांगून काय फायदा?" त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मी का चतुर आहो?"

शनिवारी उजाडता उजाडता मारोतराव पायजमा वर खोचून पाण्यात उतरले. गावची रीत त्यांना ठाऊक होती. देवधानाचे दाणे पिकले की झडून पाण्यात पडतात, म्हणून बायका आधीच लोंब्यांच्या जुड्या करून गाठी मारून ठेवतात. जिची गाठ, तिचा कोपरा. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. मारोतरावांनी चाळीस गाठी मारल्या आणि ते काठावर येऊन बसले.

माणसं विळे घेऊन आली, कापलेला झाडोरा ओढायला बायका आल्या. गाठी पाहून भुपेंद्र थांबला. कोणाच्या, म्हणून विचारू लागला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अजून लोंबी निघालेली नव्हती. भादव्यात गाठ कोण मारतं? शेजारची धुरपता पाण्यात उतरली. एक जुडी तिने हातात फिरवून पाहिली: आडवा फेरा, उभा फेरा, मधोमध करकचून आवळलेली.

"ही बाईची गाठ नोहे," ती म्हणाली. "ही पारसलाची आहे. काहून भाऊजी, कोन्या गावाले पाठवून राहिले हे धान?"

सगळा काठ हसला. मारोतरावांचे कान तापले. गाठ खरी नाही तर कापून टाकू, असं म्हणत भुपेंद्र विळा घेऊन पुढे झाला, तसे ते उठले.

"धानासाठी नाही मारली. त्याच्यासाठी." त्यांनी बोट दाखवलं.

"त्या फुलपाखरासाठी?" धुरपताने विचारलं.

"फुलपाखरू बसलं का पंख मिटते. हा पाहा, उघडेच ठेवून बसला. चतुर आहे हा. याची पिल्लं पाण्यात राहतात, याच काड्या धरून वर येतात." इतकं ते एका दमात कधी बोलले नव्हते. लगेच घाबरून म्हणाले, "असं पुस्तकात आहे. माझं चुकतही असन."

धुरपता वाकून त्या पंखांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग भुपेंद्रला म्हणाली, "गाठ मारली ना त्याईनं? मंग कोपरा त्याईचा. विळा तिकडं ने."

संध्याकाळी शकुनबाई नवऱ्याला घेऊन पुन्हा पाण्यात उतरल्या. एवढं आवळल्यावर लोंबी निघणार कुठून, असं पुटपुटत त्यांनी एकेक गाठ सोडली आणि सैल, बाईच्या हाताची कशी मारायची ते शिकवलं. एकोणचाळीस झाल्या. चाळिसाव्या गाठीवर तो पंख पसरून बसला होता.

"उठवता का त्याले?" मारोतरावांनी हळूच विचारलं.

"बसू द्या," शकुनबाई म्हणाल्या, आणि दोघंही गुडघाभर पाण्यात तशीच वाट पाहत उभी राहिली.