चार नंबरच्या टेबलावरचा टेलिफोन

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा टेलिफोन फक्त चित्रात पाहिला असेल. मी जुना, बटणांचा, तारेने भिंतीला बांधलेला टेलिफोन आहे. एके काळी माझा रंग सायीसारखा होता, आता तो पिवळट पडला आहे. सातच्या बटणावरचा आकडा पुसून गेला आहे. माझी वेटोळ्यांची वायर इतकी ताणली गेली आहे की ती आता पूर्वीसारखी आखडून बसत नाही, टेबलावरून खाली लोंबते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक तपासनीस बाई प्रत्येक टेलिफोन कानाला लावून बघत. माझ्यात त्या "एक, दोन, तीन" म्हणाल्या आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी "ऐकू येतंय" असे उत्तर दिले. मी ऐकलेले ते पहिले बोलणे. पुढे माझी नेमणूक पाणीपुरवठ्याच्या तक्रार खोलीत झाली. अकरा वर्षे मी नळ, पाईप आणि टाक्या यांच्या तक्रारी ऐकल्या. एक काका दर सोमवारी फोन करून पाणी आले नाही म्हणून रागवायचे आणि दर सोमवारी शेवटी कळायचे की त्यांनी घरातला कॉकच उघडलेला नाही. मी कधी नादुरुस्त झालो नाही. साहेब लोक म्हणायचे, "हा फोन दगडासारखा आहे." ते कौतुकच होते, असे मी समजून घेतले.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आले. एके दिवशी मला पुसून, वायर गुंडाळून एका खोक्यात ठेवले आणि खोके कपाटात गेले. चार वर्षे मी काही ऐकले नाही. ऐकण्यासाठी बनवलेल्याला ही शिक्षा फार मोठी असते.

ज्या दिवशी मला बाहेर काढले, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. मला वाटले, मी चुकून दवाखान्यात आलो. पण ते सार्वजनिक वाचनालय होते. पुस्तकांच्या कपाटांना कुलपे होती, खिडक्या सताड उघड्या होत्या आणि वाचायच्या मोठ्या खोलीत चार टेबले एकमेकांपासून लांब मांडली होती. चौथ्या टेबलावर मला ठेवले. समोरच्या भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा होता. घर न् घर दाखवणारा. त्यावर लाल टाचण्या लावलेल्या होत्या. एक टाचणी म्हणजे एक आजारी माणूस.

गावोगाव, देशोदेशी एक नवा विषाणू पसरला होता. तो श्वासातून जायचा. ज्याला लागण झाली त्याला दोनतीन दिवस काहीच वाटायचे नाही आणि त्याच दिवसांत तो दुसऱ्याला आजार देऊन मोकळा व्हायचा. औषध नव्हते. तिथले काम बघणाऱ्या डॉक्टरबाई आम्हा चारही टेबलांना म्हणाल्या, "आपण आजाराच्या मागे धावायचं नाही, त्याच्या पुढे जायचं. जो आजारी पडला, तो कुणाकुणाला भेटला ते विचारायचं. त्या प्रत्येकाला आजच्या आज फोन करून घरात थांबायला सांगायचं. रोज ताप विचारायचा. चौदा दिवस. बस, एवढंच काम आहे."

एवढेच काम होते, पण ते किती अवघड होते ते मला पहिल्याच दिवशी कळले.

माझ्या टेबलावर मीटरताई बसू लागल्या. त्या मुळात घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायच्या. कुठल्या घराला मागचे दार आहे, कुणाचा कुत्रा अंगावर येतो, कुणाकडे तीन पिढ्या एका खोलीत राहतात, सगळे त्यांना ठाऊक. म्हणूनच त्यांना इथे बोलावले होते. बाकीचे विचारायचे, "तुम्ही कुणाला भेटलात?" आणि उत्तर यायचे, "कुणालाच नाही." मीटरताई तसे विचारायच्याच नाहीत. त्या म्हणायच्या, "मंगळवारी सकाळी उठलात. दूध कुणी आणलं? बरं, तुम्हीच. मग वाटेत कोण भेटलं? चपला दाराबाहेर काढल्या की आत?" बोलता बोलता माणसाला आपोआप आठवायचे. एका निवृत्त बसचालक काकांना तर त्यांनी, "काका, स्टॉपप्रमाणे सांगा," म्हटले आणि काकांनी चार दिवसांतली सगळी माणसे चढल्या-उतरल्याच्या क्रमाने सांगितली. मीटरताई हसल्या. त्या खोलीत हसणे फार कमी ऐकू यायचे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले.

मग एके सकाळी त्यांनी सलूनवाल्या दादांना फोन लावला. दादांचा तपासणीचा निकाल आदल्या संध्याकाळी आला होता. त्यांना लागण झाली होती. आजार सौम्य होता, ते घरीच होते, सोबत म्हातारी आई होती.

"दादा, या पाच दिवसांत कोण कोण जवळ आलं?"

"कोण येणार? दुकान बंद आहे ना सरकारी हुकमानं."

"पुढचं शटर बंद आहे, ते मी पाहिलंय. तुमचा मीटर मागच्या बोळात आहे दादा. परवा मी तिथून गेले तेव्हा दाराबाहेर दोन माणसं उभी होती."

दादा हळू आवाजात म्हणाले, "ताई, लोकच मागे लागतात. वाढलेले केस घेऊन किती दिवस बसणार. पण मी नावं सांगितली आणि माझं नाव बाहेर गेलं, तर पुन्हा माझ्या खुर्चीत कोणी बसणार नाही."

मीटरताईंनी मला घट्ट धरले. "तुमचं नाव या टेबलाच्या बाहेर जाणार नाही. मी शब्द देते."

दादांनी गिऱ्हाइकांची आणि शेजाऱ्यांची मिळून एकोणीस नावे सांगितली. दुपारपर्यंत मीटरताईंनी एकोणीस जणांना गाठले. त्यातल्या पाच जणांना पुढच्या काही दिवसांत ताप आला. पण ते आधीच घरात थांबले होते, म्हणून त्यांच्याकडून आजार पुढे गेला नाही, आणि एका मधुमेही आजींना श्वास लागायच्या आत दवाखान्यात जागा मिळाली. त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई टेबलापाशी येऊन म्हणाल्या होत्या, "चार नंबर, आज तुम्ही एक अख्खी गल्ली वाचवलीत." त्या मीटरताईंना म्हणाल्या होत्या. पण थोडेसे मलाही म्हणाल्या, असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी ते घडले.

दोन नंबरच्या टेबलावर एक कारकून होते. स्वभावाने वाईट नव्हते. रोज टेबले तेच पुसायचे. त्यांची बहीण सलूनच्या मागच्याच इमारतीत राहायची, तिला दोन लहान मुले होती. मीटरताईंनी लिहिलेल्या यादीचा कागद नकाशाखाली लावलेला होता. वर दादांचे नाव, खाली एकोणीस नावे. कारकुनांनी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. फक्त तिला. "मुलांना तिकडे सोडू नकोस" एवढेच लिहिले. बहिणीने तो तिच्या जावेला पाठवला, जावेने इमारतीतल्या सगळ्यांना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो फोटो गावभर झाला होता.

हे सगळे मला फोनवरूनच कळले. एकामागून एक फोन येऊ लागले. सलूनच्या पाटीला कुणी डांबर फासले होते. दूधवाल्याने त्या बोळात यायचे बंद केले. औषधाच्या दुकानदाराने दादांच्या आईच्या गोळ्या घरी पाठवायला नकार दिला. यादीतल्या एका बाईंना तर त्यांच्या घरमालकाने खोली सोडायला सांगितले, आणि त्यांना आजार झालाही नव्हता.

चारच्या सुमारास दादांचा फोन आला. मला वाटले, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"ताई, तुम्ही शब्द दिला होतात."

मी दोन्हीकडचे श्वास ऐकत होतो. मग दादांनी फोन ठेवला.

मित्रांनो, त्यानंतरचे दहा दिवस मी विसरू शकत नाही. लोक माझी घंटा ऐकायचे आणि उचलायचे नाहीत. उचलले तर सगळ्यांचे उत्तर एकच. "कुणालाच भेटलो नाही." ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. सलूनच्या आसपासच्या गल्ल्यांत नव्या टाचण्या लागेनात. कारकून म्हणाले, "बरं झालं, तिकडचा आजार ओसरला." डॉक्टरबाई नकाशातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. "ओसरला नाही," त्या म्हणाल्या. "आता आपल्याला कोणी सांगत नाही."

सलूनच्याच गल्लीत पुस्तके बांधणारे एक आजोबा राहायचे. या वाचनालयातली निम्मी जुनी पुस्तके त्यांच्याच हातची होती. मीटरताईंनी त्यांच्या घरी फोन लावला, तेव्हा त्यांच्या नातीने उचलला.

"घरात सगळे बरे आहेत ना?"

"हो, सगळे बरे आहेत."

तिच्या मागे कुणीतरी खोकले. खोल, कोरडा खोकला. मी तो स्पष्ट ऐकला. मीटरताईंनीही ऐकला.

"कोण खोकतंय, बाळ?"

"टीव्ही लागलाय."

मीटरताई अजून काही विचारणार होत्या. पण मला कळत होते, आता त्यांची विचारायची हिंमत होत नव्हती. शब्द मोडलेल्या माणसाने कुणाला खरे बोलायला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्या म्हणाल्या, "काही लागलं तर फोन कर," आणि त्यांनी मला खाली ठेवले.

फोटो पसरल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी त्याच मुलीचा फोन आला. तिने नाव सांगितले नाही, पण आवाज मी ओळखला.

"तो टीव्ही नव्हता," ती म्हणाली. "आजोबा आज सकाळी गेले. आईनं सांगू नको म्हटलं होतं. आमच्या दारावर कोणी डांबर लावेल म्हणून." मग ती म्हणाली, "मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर?"

मीटरताईंच्या डोळ्यांतले पाणी माझ्या बटणांवर पडले. "तुझी चूक नाही गं," त्या म्हणाल्या. "तू सांगावंस असं आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं."

त्या उठल्या आणि भर खोलीत त्यांनी विचारले की तो फोटो कुणी काढला. कारकून खुर्चीतून उठले. "मी," ते म्हणाले. "माझी भाची तिथं खेळायला जाते. मला दुसरं काही सुचलं नाही." डॉक्टरबाईंनी त्यांना त्याच क्षणी घरी पाठवले. जाताना त्यांनी सवयीने आपले टेबल पुसले. नकाशाखालचे सगळे कागद काढले गेले, नावांच्या जागी आकडे आले आणि मोबाईल दाराबाहेरच्या पेटीत राहू लागले. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते, असे डॉक्टरबाई स्वतःच म्हणाल्या.

नियमाप्रमाणे सलूनवाल्या दादांनाही रोज फोन करायचा होता. इतके दिवस ते "ताप नाही" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. त्या दिवशी मीटरताई म्हणाल्या, "दादा, ठेवू नका. पुस्तकं बांधणारे काका गेले." मग त्यांनी सगळे सांगितले. कागद कुठे लावला होता, फोटो कसा गेला, त्यांचे स्वतःचे कुठे चुकले. कागद भिंतीवर लावलेला त्यांनी पाहिला होता आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. एकही सबब त्यांनी सांगितली नाही.

दादा म्हणाले, "वीस वर्षं त्यांची दाढी केली मी. गाल इतके बसलेले, की वस्तरा जपून फिरवावा लागायचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. "त्या गल्लीतल्या सगळ्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. मी एकेकाला सांगतो, खरं काय ते या बाईंना सांगा म्हणून. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. हे मी काकांसाठी करतोय."

"नाही समजणार," मीटरताई म्हणाल्या.

ज्या माणसाला सगळ्यांनी वाळीत टाकले होते, त्याने घरात बसून एकेका दाराला हाक मारली. काहींनी त्यालाही शिव्या दिल्या. पण चार दिवसांनी माझी घंटा वाजू लागली. लोक आपणहून बोलू लागले. कुणी म्हणायचे, "आमच्या सासऱ्यांना कालपासून ताप आहे." कुणी म्हणायचे, "मी खोटं बोललो होतो." नकाशातल्या मोकळ्या जागेत एका आठवड्यात बावीस टाचण्या लागल्या. त्या बघून डॉक्टरबाई कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसल्या. निदान आता आजार कुठे आहे ते दिसत होते.

त्या गल्लीत एकूण सहा माणसे गेली. पहिल्यापासून फोन उचलले गेले असते तर किती वाचली असती, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मीटरताई ते रोज मोजायच्या.

पुढे लस आली, साथ ओसरली, वाचनालयाची कपाटे उघडली. मीटरताई पुन्हा मीटर वाचायला गेल्या. सलून उघडले, पण निम्मी गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. आम्हा चारही टेबलांचे कौतुक करणारा एक कागद खोलीत काही दिवस लावला होता, "ऐंशी हजार फोन" असे काहीतरी त्यावर लिहिले होते. मग तोही निघाला. आता मी आरोग्य कार्यालयाच्या खिडकीत धूळ खात असतो.

मागच्या महिन्यात मात्र मी वाजलो. पलीकडे एक अनोळखी बाई होत्या. "आमच्या चाळीत तीन घरांत एकसारखा ताप आहे," त्या म्हणाल्या. "सांगू का? पण नाव कुठं जाणार नाही ना?"

मला उचलणारे गृहस्थ नवीन होते. "नाही जात हो, सांगा," ते घाईने म्हणाले. त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि अंगठा त्यावर फिरत होता.

मला बोलता आले असते तर मी त्यांना थांबवले असते. मित्रांनो, मला ते जमत नाही. मी फक्त आवाज इकडून तिकडे नेतो. म्हणून तुम्हाला विनवतो. मला पुसले नाही तरी चालेल, अडगळीत टाकले तरी मी काही म्हणणार नाही. पण कुणी भीत भीत तुम्हाला काही सांगू लागले, तर आधी हातातले खाली ठेवा. आणि जे पाळता येणार नाही, त्याचा शब्द देऊ नका. बाई अजून लाईनवर होत्या. नाव सांगावे की नाही, याचा विचार करत त्या थांबल्या होत्या, आणि मी त्यांचा श्वास ऐकत होतो.