एडना आंटींचं मत

"त्या कायद्यात एक दिवस तुझ्याही नवऱ्याचं नाव निघेल, पोरी," समोरच्या एडना आंटी म्हणाल्या होत्या. तेव्हा माझ्या आयव्हीला दात येत होते, मी उभ्या उभ्या पेंगत होते. असं काही होत नसतं, म्हणून मी विषय बदलला.

माझा नवरा नेथन अग्निशमन दलात आहे. नव्या कायद्यानं संपाच्या दिवशीही कामावर कोणी यायचंच, ती नावं दल काढू शकतं. नाव निघूनही जो येणार नाही, त्याला काढून टाकलं तर दाद नाही. दलाचा संप तोंडावर आला होता, आणि नेथनचं नाव निघणार हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. तो जाणार नाही हे मला. घराचं भाडं, आयव्हीची कफानं भरलेली छाती, मी दिवसभर हेच घोकत बसायचे.

नावं काढायची की नाही, हे दलावर देखरेख करणारी आमच्या नगरसेवकांची समिती ठरवणार होती. एडना आंटी तिच्यात होत्या, आणि सगळं एका मतावर अडलं होतं.

बैठक दलाच्या मुख्यालयात. नेमके त्याच दिवशी तिथले कारकून संपावर. फाटकासमोर संपकऱ्यांनी रांग धरलेली, ती ओलांडून आत जाईल तो गद्दार; बाजूला पिंपात लाकडं पेटवलेली. सुट्टी असून नेथनही त्यांच्यात उभा. मी बाबागाडी घेऊन शेजारी. एडना आंटी आल्या आणि रांगेपुढे थबकल्या.

"जा ना आत, आंटी. आम्हीच सांगतोय," नेथन म्हणाला.

"तू सांगशील रे. माझे पाय ऐकायला नकोत? गिरणीच्या संपात माझा काका रांग ओलांडून गेला, तर बाप मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही."

"मग काय, मी घरी बसू नोकरी घालवून?"

"तुझं तोंड लहानपणापासून असंच फाटकं."

कारकुनांची पुढारी ब्रॉना वैतागली. "चला रे, चहाची सुट्टी. फलक घ्या." सगळे कोपऱ्यावरच्या बसथांब्यापाशी गेले. "आता सांगा, कुठली रांग ओलांडताय?"

"पळवाट आहे ही, कळतं मला," आंटी म्हणाल्या आणि आत गेल्या.

नावं काढायची नाहीत, असा ठराव एका मताच्या फरकानं झाला. नेथनची नोकरी राहिली.

पण आत जाताना कुणीतरी त्यांचा फोटो काढला. त्यात फाटक होतं, जळतं पिंप होतं, आंटी होत्या. थांब्यावर चहा पिणारे नव्हते. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला, खाली एकच शब्द: संपफोडी. खरं काय ते आम्ही लिहिलं, ब्रॉनानंही लिहिलं. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

आता आंटी क्लबात बिंगोला येत नाहीत. पडदे दुपारीही ओढलेले. मी मटण-बटाटा शिजवून नेते, तर दार किलकिलं करून भांडं घेतात. "बाळाला वारा लागेल, जा."

सोमवारपासून मी कामावर परत जातेय, नेथनच्या पाळ्या बदलल्यात. आंटींकडे डोकावायला कुणी उरत नाही. तुम्ही या बाजूला आलात तर त्यांच्याकडे मागच्या गल्लीतून जा. आमच्याकडे पुढचं दार पोलिसांना आणि परक्यांना. मागचं वाजवा, आणि त्या काहीतरी बोलेपर्यंत तिथून हलू नका.