गारांची शिट्टी

"तुमीच शिकोलं अन् तुमीच पलटून राहिले," पुंजाजी म्हणाला आणि टेबलावरचं नवं डफडं त्यानं मनगटानं साहेबांकडे सरकवलं. बोटं लावली नाहीत.

वलगावच्या शाळेत दुपारची सभा भरली होती. अमरावतीहून आलेल्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. गारपिटीचा इशारा देणारा स्वयंसेवक पुंजाजीच राहील, पण शिट्टी बंद. मागच्या फाल्गुनात ती पाटलांच्या खळ्यावर ऐकू गेली नाही, गहू मातीत गेला, भागीरथाबाईंचा हात मोडला. यापुढे ढग दिसला की डफडं वाजवायचं.

"लोकांना त्याची सवय आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या घरात तर ही कला पिढीजात. अडचण काय?"

"ते कला बापानं पेढी नदीत बुडोली, साहेब. छप्पन साली."

मागं कोणी तरी फिसकन हसलं.

"मग दुसरा माणूस पाहावा लागेल," साहेब म्हणाले.

बुडवली होती, हे खरंच होतं. दीक्षा घेऊन आल्यावर बापानं, बुधाजीनं, स्वतःच्या हातानं डफडं नदीत सोडलं. ते बुडेना. म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि छातीखाली दाबून त्यानं ते तळाला नेलं. वर आला तेव्हा रडत होता. दवंडीला, वरातीला, मयतीला हाक आली की धावायचं, वाजवून झालं की उष्ट्याची वाट पाहत उकिरड्याशी बसायचं, ते संपलं म्हणून रडला, की हातातला ठेका गेला म्हणून, ते पुंजाजीनं कधी विचारलं नाही.

साहेबांनी सहज कातड्यावर दोन टिचक्या मारल्या. पुंजाजीची बोटं मांडीवर पुढचा ठेका धरू लागली. त्यानं तो हात मांडीखाली दाबला.

शिट्टी मिळाली ती अठ्ठावनच्या हिवाळ्यात, अमरावतीला स्वयंसेवकांच्या सरकारी शिकवणीत, राजापेठेतल्या एका शाळेच्या गच्चीवर. मोरोपंत नावाचे म्हातारे मास्तर धोतराचा सोगा खोचून आभाळाकडे काठी करायचे. "ढग फुलकोबीसारखा वर फुगला, पोटात हिरवट काळा झाला आणि वारा एकदम गार पडला, की गारा आल्याच समजा. खात्री करत बसू नका. आधी शिट्टी, मग टपालात जाऊन तार." वलगावातून दोघे गेले होते, पुंजाजी आणि पाटलांचा नत्थुजी. दोघे एका सतरंजीवर निजले, एकाच विडीचे झुरके घेतले. नत्थुजीला शिट्टी काही वाजेना.

"अबे, फुकून राहिला का सडा घालून राहिला?" पुंजाजी म्हणायचा. मोरोपंतही तोंडाला उपरणं लावून हसायचे.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची एक पंगत बसली. वाढप्यानं जिलेबीचा आग्रह केला आणि पुंजाजी जन्मात पहिल्यांदा "पुरे" म्हणाला. तोवर त्याच्यावर तशी वेळच कोणी आणली नव्हती.

परतताना वेशीजवळ नत्थुजीनं बैल थांबवले. "तू अथीच उतर, पुंजाजी. लोकं पायतात." तो उतरला. तेव्हा रागसुद्धा आला नाही. गळ्यात शिट्टी होती, डोळ्यांत अजून गच्चीवरचं आभाळ होतं.

"मी मनानं आणलं नाही हे," साहेब डफडं उचलत म्हणाले. "नत्थुजींनीच कळवलं, शिट्टी ऐकू येत नाही म्हणून."

पुंजाजीनं मान वळवली. नत्थुजी भिंतीला टेकून टोपी नीट करत होता.

"तुमच्या खळ्याच्या बांधावर उभा राहून फुकली मी, नत्थुभाऊ. तुमी मान वर केलती."

"वारा किती होता त्या दिशी! लोकाईले वाटलं, पोट्टे खेळून राहिले."

"लोकाईचं सोडा."

"आता मेलं ते मढं कायले उकरतं बावा? वाजव नं डफडं. तुह्या बापासारखं वाजवणारा पंचक्रोशीत नोयता. तुही तारीफच करून राहिलो."

बायकांच्या बाजूला नत्थुजीची बायको भागीरथाबाई बसली होती. वाकडा जुळलेला हात तिनं पदराखालून बाहेर काढला.

"शिट्टी आयकून मी उठलती," ती हळूच म्हणाली. "गठुडं घेऊन घराकडं निघालती. हेच म्हणाले, बस."

"तू चूप राय!" नत्थुजी म्हणाला.

साहेबांनी डफडं परत टेबलावर ठेवलं, मग तिथूनही उचलून खाली, पायाशी ठेवलं. पुंजाजी उठला. नत्थुजीच्या समोर, विडी देता-घेता येईल इतक्या जवळ जाऊन उभा राहिला.

"ढग तं तुमीबी ओळखला असन. संगंच शिकलो आपण. मंग तिले बस कावून म्हणले? साहेबासमोर सांगा."