माझी मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुना केसपेपर आहे. लहान मुलांच्या दवाखान्यातला, पिवळ्या जाड कागदाचा. छापखान्यात माझ्या पुढच्या बाजूला आजारांसाठी रेघा मारल्या, मागे वजनाचा तक्ता छापला. एक मूल वाढताना बघायला मिळणार म्हणून मी हरखून गेलो होतो.

मी टिकलीच्या वाट्याला आलो. "तिघांच्या पाठीवर दहा वर्षांनी झाली," तिची आई लाजत म्हणाली. डॉक्टर हसले आणि माझ्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं, 'शेंडेफळ'. मला तो दागिनाच वाटला. पण त्या दवाखान्यात त्याचा अर्थ निराळा होता: मूल लाडावलेलं, आईबाप घाबरट, गोड औषध द्या आणि घरी पाठवा.

पाच वर्षांची झाली तशी टिकली जिन्यात मध्येच बसायला लागली. दम लागतो म्हणायची.

"कडेवर घ्यावं म्हणून सोंग आहे हो सगळं," डॉक्टर माझा कोपरा बघून म्हणाले. आई निर्धास्त झाली. भावंडं तिला नाटकी म्हणू लागली. शेवटी टिकलीने सांगणंच सोडलं.

वजन करणाऱ्या सिस्टर मात्र दर खेपेला माझ्या पाठीवर टिंब देत. टिंबं चढायची थांबली, मग उतरू लागली.

"डॉक्टर, जरा मागची बाजू बघता का?"

"सिस्टर, शेंडेफळ आहे ते. खाण्याचे नखरे, दुसरं काय."

मी त्यांच्या हातातच होतो. मला नुसतं उलटं करायचं होतं, तेवढंही त्यांच्याने झालं नाही.

पुढे डॉक्टर आठवडाभर गावाला गेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंना कुणाचीच माहिती नव्हती, म्हणून त्यांनी मला दोन्हीकडून वाचलं. मग टिकलीच्या छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशन झालं, टिकली वाचली, पण वर्ष वाया गेलं होतं. आता ती शाळेत जाते, पळत मात्र नाही.

ऑपरेशननंतर आई टिकलीला घेऊन दवाखान्यात आली, तेव्हा गावाहून परतलेले डॉक्टर तिला म्हणाले, "काय करणार, आजार लपून बसला होता."

मी टेबलावर पडलो होतो, सगळी टिंबं घेऊन. त्यांचा लाल शब्द मी इतकी वर्षं कौतुकाने मिरवला, याची मला लाज वाटली.

"तुमचा काय दोष," आई म्हणाली.

"मी सांगितलं होतं," टिकली म्हणाली.

आता मी जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात आहे. मित्रांनो, तुमच्या घरातलं धाकटं जिन्यात बसून दम लागला म्हणालं, तर हसू नका. त्याच्या शेजारी पायरीवर बसा आणि ते काय सांगतंय ते ऐका.