रेतीची उशी

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो, पण मला कोणी डोक्याखाली घेत नाही. माझ्या पोटात कापूस नाही, नदीची रेती आहे.

माझा जन्म सौंसरजवळच्या बोरगावचा. कलाबाईने घरच्या शेतातला कापूस वेचला, सरकी काढली, आपल्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली आणि मला भरले. तिचा मुलगा वैभव फौजेत होता. सुट्टीवर आला की तो माझ्यावरच झोपायचा.

मग लढाई पेटली. सीमेवर सुरुंग फुटला आणि वैभवचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरल्यावर त्याला महिनाभर घरी पाठवले. त्यानंतर पुण्याला नकली पाय बसणार होता. फौजी दवाखान्यातल्या सिस्टरने त्याच्या बायकोला, उर्वशीला, बजावले होते, "गुडघ्याखाली उशी ठेवू नका. पाय सरळच राहू द्या."

पण रात्री वैभव कण्हायचा. कलाबाईला ते ऐकवेना. तिने मला त्याच्या गुडघ्याखाली सरकवले. त्याला बरे वाटले, डोळा लागला.

"अवो आई, उशी नाही ठेवाची म्हणून सांगतलं हाये," उर्वशी म्हणाली.

"त्या सिस्टरले लेकरू नसन," कलाबाई म्हणाली.

उर्वशीने मला धान्याच्या कोठीमागे लपवले. कलाबाईने शोधून काढले. "आमची सून डॉक्टरीण झाली व बाई!" असे शेजारणींना ऐकवत मला पुन्हा गुडघ्याखालीच ठेवले. भेटायला आलेले लोकही म्हणायचे, "असंच नरम पाह्यजे पायाले." मला मऊ असण्याशिवाय दुसरे काही येत नव्हते.

महिन्याने वैभव पुण्याला गेला आणि तसाच परत आला. गुडघा वाकडा आखडला होता. नकली पाय बसेना. गुडघ्यावर वजन ठेवून तो सरळ करा, नाहीतर पाय बसणारच नाही, असे सांगून त्याला परत पाठवले होते. वैभव भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

कलाबाई मला घेऊन अंगणात बसली. तिने माझी शिवण उसवली. सगळा कापूस काढून फडक्यात बांधला आणि फळीवर ठेवला. "चालाले लागला का परत भरीन," ती उर्वशीला म्हणाली. मग माझ्यात रेती भरली, शिवण घातली आणि मला त्याच्या गुडघ्यावर ठेवून वरून दाबून धरले.

"काढ वं माय! मरून राहिलो मी!"

"नाही काढत."

"तुह्यापेक्षा आमचा सुभेदार बरा व्हता!"

ती रडत होती, पण हात उचलत नव्हती. रोज असेच चालले. गुडघा हळूहळू सरळ होऊ लागला.

थंडीत कलाबाईला ताप आला. दुखणे तिने अंगावरच काढले. घरातल्या सगळ्यांचे डोळे एका गुडघ्यावर होते, तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. ती गेली.

घर माणसांनी भरले. चूल बंद झाली. मी कोपऱ्यात पडून होते आणि वैभवचा गुडघा पुन्हा आखडू लागला. तेव्हा त्याचा बाप, बापूजी, सगळ्यांमधून उठला. त्याने मला उचलले.

"सुतकात हे कायले करता, भाऊ?" बापूजीची बहीण म्हणाली.

"गुडघ्याले सुतक नसते," बापूजी म्हणाला आणि त्याने मला दाबून धरले. त्या दिवशी वैभव ओरडला नाही.

आता त्याला पाय बसला आहे. काठी टेकत तो संत्र्याच्या बगिच्यापर्यंत जातो.

मित्रांनो, घायाळ माणसाची सेवा करताना त्याला आज काय बरे वाटते एवढेच पाहू नका. उद्या त्याला उभे राहायचे आहे, हेही पाहा. आणि सेवा करणारीच्या कपाळाला कधीतरी हात लावून बघा.

कापसाचे गाठोडे अजून फळीवर आहे. परत भरायचे तर मला उसवावे लागेल. बापूजी कोणाला उसवू देत नाही. ती शिवण कलाबाईच्या हातची आहे.